सासूबाईंशिवाय गाडी सुरू होत नाही

माझ्या सासूबाईंना गाडी चालवता येत नाही. सायकलसुद्धा येत नाही. तरीही गेल्या अधिक महिन्यात माझी गाडी त्यांच्याशिवाय सुरू होत नव्हती. ही गोष्ट मेहकरात इतकी पसरली आहे की भाजीवाला कोथिंबीर देताना आधी सासूबाईंची तब्येत विचारतो आणि मग गाडीची. प्रत्येकजण ही कथा आपापल्या पदरचं घालून सांगतो. म्हणून खरं काय घडलं ते एकदा मीच सांगून टाकलेलं बरं.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्यात सगळ्यात जास्त हाल माझ्या विज्ञानाचे झाले. गाडी जुनी आहे. खामगावच्या एका डॉक्टरांकडून घेतली तेव्हाही ती जुनीच होती. किल्ली एकच मिळाली. दुसरी त्यांच्या कंपाउंडरने हरवली होती. समोरच्या डॅशबोर्डवरचे दिवे त्यांना वाटेल तेव्हा लागतात आणि वाटेल तेव्हा विझतात, त्यामुळे त्यांच्याकडे आम्ही कोणी लक्ष देत नाही. पण माझी मुलगी जन्मली तेव्हा तिला दवाखान्यातून घरी आणलं ते याच गाडीतून. त्या गाडीवर माझा जीव आहे. माझी बायको वंदना हिचा नाही. तिला ती गाडी रस्त्यात ओळखीचं कोणी दिसलं की मान खाली घालायला लावते, असं तिचं म्हणणं.

अधिक महिना आला की आमच्याकडे जावयाला विष्णू समजतात. एरवी समजत नाहीत. त्या महिन्यात सासरचे लोक त्याला बोलावून धोंडे आणि अनारसे खाऊ घालतात, कपडे करतात आणि ऐपतीप्रमाणे चांदीची एखादी वस्तू देतात. माझी सासुरवाडी साखरखेर्ड्याची. सासरे नारायणराव शेतकरी माणूस. बोलणं कमी, पण एखादी गोष्ट डोक्यात घेतली की ती केल्याशिवाय राहायचे नाहीत. सासूबाई अन्नपूर्णाबाई. त्यांच्या हातात कायम एक लाल बटवा असतो. सुपारी, लवंगा, बामची डबी, रक्तदाबाच्या गोळ्या असं सगळं त्यात असतं आणि झोपतानाही तो त्यांच्या उशाशी असतो.

या वर्षी मला आणि माझा साडू जीवन याला एकदमच बोलावलं होतं. जीवनने नुकतीच नवी गाडी घेतली आहे. ती इतकी उंच आहे की आत बसायला पायरी लागते, आणि खाली उतरल्यावरही जीवन तेवढ्याच उंचीवरून बोलत राहतो.

आम्ही पोचलो त्या संध्याकाळी सासरे माझ्याजवळ आले.

"जवाईबापू, किल्ली द्या जरा. गाडीतली थैली काढाची हाये."

मी किल्ली दिली. थैली आली, किल्ली आली नाही. विष्णूने किल्लीसाठी मागे लागणं बरं दिसत नाही म्हणून मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंगत बसली. जीवनच्या ताटात चांदीची वाटी आली. माझ्या ताटात धोंड्यांच्या शेजारी माझीच किल्ली होती, पण तिला ओळखणं कठीण होतं. तिची काळी प्लास्टिकची मूठ तुटली होती आणि मी तिला चिकटपट्टी लावून दिवस काढत होतो. ती मूठ गेली होती. तिच्या जागी चांदीची घडीव मूठ होती, एका बाजूला शंख, दुसऱ्या बाजूला चक्र.

"आमच्या सोनाराकून करून घेतली," सासरे म्हणाले. "जवाई तुटेल किल्ली घेऊन हिंडते, बरं नाई दिसत."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जीवनने आपली वाटी हळूच ताटाच्या मागे सरकवली, ते पाहून ते पाणी वाळलंही.

निघायच्या वेळी निरोपाला अर्धी गल्ली जमली होती. सगळ्यांना दिसेल अशा बेताने मी किल्ली वर धरली, लावली आणि फिरवली. खर्र खर्र खर्र. इंजिन फिरत होतं, पण पेट घेत नव्हतं. समोर किल्लीचं चित्र असलेला एक लाल दिवा लुकलुकत होता. हा दिवा मी पूर्वी पाहिला नव्हता. मला वाटलं, गाडीनेही नव्या किल्लीची दखल घेतली आहे.

पहिले धावून आले शेजारचे किसनराव. त्यांच्या विहिरीवर डिझेलचं इंजिन आहे आणि जगातली सगळी इंजिनं त्या इंजिनाची पोरं आहेत असं त्यांचं मत आहे.

"एअर धरला हो यानं."

मी त्यांना समजावून सांगितलं की ही पेट्रोलची गाडी आहे, हिला फ्युएल इंजेक्शन आहे, म्हणजे आत एक कॉम्प्युटर असतो, तो हुकूम देतो आणि बारीक नोझलमधून पेट्रोलचा फवारा इंजिनात जातो. विज्ञानाचा मास्तर असल्यामुळे मी हातवारेही केले. किसनरावांनी त्यातला एकच शब्द घेतला.

"नोझल! मंग त असं म्हना न! नोझल चोक झालं."

सोयाबीनवर फवारणीचे दिवस होते. त्या आठवड्यात साखरखेर्ड्यात ज्याच्या पाठीवर पंप चढला नव्हता असा माणूस नव्हता, आणि ज्याला नोझल साफ करता येत नाही असा तर नव्हताच. हां हां म्हणता तारा, पिना, टूथब्रश घेऊन माणसं आली. मी नको नको म्हणेपर्यंत किसनरावांनी पेट्रोलची नळी ढिली केली आणि मला किल्ली फिरवून उतरायला सांगितलं. मी वाकून बघायला आणि पेट्रोलची चिळकांडी उडायला एकच गाठ पडली. धोंड्याचा नवा कोरा सदरा कॉलरपासून खालपर्यंत भिजला.

"पाहा, पेट्रोल येऊन राह्यलं!" किसनराव आनंदाने म्हणाले. "म्हंजे पंप चांगला हाये."

निदान बरोबर होतं. पण त्यानंतर मला स्वयंपाकघरात कोणी येऊ देईना. चहासुद्धा अंगणात, लांबून सरकवून मिळाला. मी जवळ गेलो की म्हातारी माणसं बिड्या विझवून उठून जात.

मग धक्का मारायचं ठरलं. मी बाह्या सरसावल्या तर बायकांनी कल्ला केला.

"अगं माय! अधिकात जवाई धक्का मारते काय? पाप लागन आमाले!"

तेव्हा विष्णू आत बसले आणि गल्ली बाहेरून ढकलू लागली. पेट्रोलच्या वासाने गरगरत मी स्टिअरिंग धरून बसलो होतो. बसस्टँडपर्यंत नेऊन आम्हाला परत आणलं. वाटेत दोन म्हाताऱ्यांनी हात जोडले. आत कोण देव बसवला आहे हे त्यांना नीट दिसलं नसावं. परत येईस्तोवर मागे एवढे लोक झाले होते की ढकलणारे कोण आणि नुसते चालणारे कोण हे सांगता आलं नसतं.

जीवनने आपल्या उंचीवरून हे सगळं पाहिलं. "दादा, बसा माह्या गाडीत. हिले भंगारात देऊन टाका. मेहकरात माह्या ओळखीचा मानूस हाये, दारातून उचलून नेते."

वंदनाने ते ऐकलं. वंदना अशा गोष्टी लांबूनही ऐकते.

"अहो, शेवटचं सांगतो. अधिक संपेपर्यंत ही धड चालू झाली त ठेवा. नाई त जीवनभाऊच्या मानसाले फोन करतो मी."

माझी गाडी भंगारात जाणार, तिचे दरवाजे एकीकडे आणि चाकं दुसरीकडे विकली जाणार, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी तिथेच ठरवलं, की काही झालं तरी ही गाडी सुरू करायची.

मेहकरहून मेकॅनिक हिंमतराव आला. त्याच्याकडे मोबाइलला जोडायचं तपासणीयंत्र होतं. त्याने ते गाडीला लावलं आणि बराच वेळ मान हलवली.

"एरर बहुत हायेत सर. कोनता पाहू?"

त्याने फिल्टर बदलला, प्लग पुसले, मागची सीट उचलून पंपाला कान लावला. सासऱ्यांनीही लावला. शेवटी त्याने निकाल दिला. पेट्रोल येतंय, ठिणगीही आहे, पण इंजेक्टर फवारा मारत नाही.

"काऊन?" सासऱ्यांनी विचारलं.

"कॉम्प्युटर हुकूमच देऊन नाई राह्यला."

"अन् थो काऊन नाई देत?"

"थे त्याले माहीत."

मी त्याला तो लुकलुकणारा लाल दिवा दाखवला. हिंमतरावने समजुतीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जुन्या गाडीत दिव्याकडं पाहू नाई सर. मानूस नाउमेद होते."

मग मी अकोल्याच्या एका सर्व्हिस सेंटरला फोन लावला. तिथल्या मुलीने फार गोड आवाजात सांगितलं की तक्रार घेण्याआधी एक ओटीपी येईल आणि तो गाडीच्या मूळ मालकाला जाईल. मूळ मालक म्हणजे खामगावचे डॉक्टर. मी त्यांना फोन करून म्हटलं, "डॉक्टरसाहेब, तुम्हाला आत्ता एक ओटीपी येईल, तो मला सांगा." डॉक्टर म्हणाले, "असे फार पाहिले तुझ्यासारखे," आणि त्यांनी माझा नंबर ब्लॉक करून टाकला.

सगळे थकून ओट्यावर बसले तेव्हा सासूबाई पहिल्यांदा बोलल्या.

"दृष्ट लागली. चांदीची किल्ली अशी वर धरून दाखोली जवाईबापूनं साऱ्या गल्लीले. लागनच."

मी शाळेत दरवर्षी 'दृष्ट लागणे: एक भ्रम' या विषयावर बोलतो. त्यासाठी माझ्याकडे तक्तेही आहेत. मी साफ नाही म्हणालो. मग मी वंदनाकडे पाहिलं. तिच्या हातात मोबाइल होता आणि ती जीवनकडून नंबर लिहून घेत होती.

मी आत जाऊन बसलो. सासूबाई उघड्या दारातून वाकल्या. बटव्याचा हात त्यांनी आधारासाठी किल्लीच्या बाजूला टेकवला आणि दुसऱ्या हाताच्या मुठीत मीठ, मोहरी, लाल मिरच्या घेऊन माझ्यावरून आणि स्टिअरिंगवरून ओवाळल्या. आल्यागेल्याची, पापी-चांडाळाची, साडूची असं काहीतरी त्या पुटपुटत होत्या.

"फिरवा आता."

मी फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

गल्लीने टाळ्या वाजवल्या. किसनराव म्हणाले, "मी नोझल साफ केलं न, त्याचा गुन आता आला." हिंमतरावनेही आपले पैसे घेतले. मी इंजिन बंद न करता तसंच मेहकर गाठलं.

सकाळी शाळेला निघालो तर पुन्हा खर्र खर्र. वंदनाने आईला फोन केला. सासूबाई एसटीने आल्या, ओवाळलं, गाडी सुरू झाली. दुपारी शाळा सुटल्यावर पुन्हा बंद. तेव्हा सासूबाईंनी आमच्याकडे राहायचं ठरलं. त्या रोज माझ्याबरोबर शाळेत येऊ लागल्या.

ज्या शाळेत मी दृष्टीवर व्याख्यानं दिली, त्याच शाळेच्या फाटकासमोर रोज दुपारी माझी दृष्ट काढली जाऊ लागली. पोरं रांगेने उभी राहून बघत. शिपाई आपली मोटारसायकल जवळ आणून लावू लागला, जमलंच तर तिच्यावरूनही एक फेरा व्हावा म्हणून. मी काळा चष्मा लावून समोर बघत बसायचो.

सासूबाई मात्र खुलल्या होत्या. उभ्या जन्मात त्या गाडीत पुढे बसल्या नव्हत्या. पुढे सासरे, नाहीतर मुलं, नाहीतर बियाण्याचं पोतं. आता माझ्या शेजारी बसून काच खाली करून त्या सगळ्या दुनियेवर शेरे मारायच्या. हा पराटी उशिरा पेरून बसला, त्या घराचा रंग चुकला, ही बाई बिनचपलेची काऊन चालून राह्यली. शाळेतून येताना कधी देवळात जाऊ, कधी बाजारात. आत चिडचिड होत होती, तरी मला त्यांची बडबड आवडू लागली होती, हेही खरं.

अशात देऊळघाटच्या एका शाळेने मला विज्ञान प्रदर्शनाला पाहुणा म्हणून बोलावलं. एसटीने जावं असं मनात आलं होतं, पण वंदना म्हणाली, "एसटीनं गेले म्हंजे गाडी गेली असंच धरतो मी." म्हणून विज्ञानाचा पाहुणा सासू आणि मिरच्या घेऊन निघाला.

भाषण उत्तम झालं. मी मुलांना सांगितलं, की कारण शोधायचं तर एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची. सासूबाई पहिल्या रांगेत पोहे खात ऐकत होत्या. कार्यक्रम संपल्यावर सगळी शाळा मला निरोप द्यायला गाडीपाशी आली. सासूबाईंनी मिरच्या काढल्या. मुख्याध्यापिका पुष्पांजलीबाईंच्या भुवया वर गेल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

आणि तेव्हाच मला माझंच भाषण आठवलं. शिकवायचं मुलांना आणि स्वतः करायचं नाही, याची मला लाज वाटली.

"मामी," मी सासूबाईंना म्हटलं, "आज मिरच्या नको. नुसत्या उभ्या राहा."

त्या नेहमीसारख्या हात टेकवून उभ्या राहिल्या. गाडी सुरू झाली. मुलं ओरडली, "मिरच्या नाही लागत सर!" मी इंजिन बंद केलं. आता सासूबाई लांब आणि मिरच्या माझ्या हातात. खर्र खर्र. सासूबाई जवळ, पण चष्म्याशिवाय. सुरू. सासूबाई तोंड न हलवता. सुरू.

"बटवा!" मागून पाच-पन्नास पोरं एकदम ओरडली.

"बटवा नाई देत मी कोनाले," सासूबाई म्हणाल्या. फार विनवण्या केल्यावर त्यांनी तो पुष्पांजलीबाईंच्या हातात ठेवला, आणि वर, "लवंगा मोजेल हायेत," असं बजावलं. सासूबाई बटव्याशिवाय उभ्या राहिल्या. खर्र खर्र. नुसता बटवा किल्लीपाशी धरला. गाडी सुरू झाली!

मग एकेक वस्तू बाहेर काढून पाहिली. सुपारी नव्हे, बाम नव्हे, गोळ्या नव्हेत. तळाशी सोनाराच्या गुलाबी कागदात एक पुडी होती. तिच्यात माझ्या किल्लीची जुनी काळी मूठ होती, चिकटपट्टीसकट.

"मामी, हे काय?"

"सोनारानं काढून देली. जवाईची वस्तू फेकाव कशी? ठेवली जपून."

मी तिथूनच हिंमतरावला फोन केला. "हाव सर," तो म्हणाला, "मुठीत चिप असते न! थे जवळ नसली त कॉम्प्युटरले वाटते चोर बसला, मंग थो नोझलले हुकूमच देत नाई. तुमची चांदीची पाहून मले वाटलं, कंपनीचीच हाये."

मुलांनी टाळ्या पिटल्या. पुष्पांजलीबाईंनी माझं अभिनंदन केलं. इतके दिवस लुकलुकणारा तो लाल दिवा विझला होता. माझी छाती फुगली. सासूबाई मात्र आपल्या लवंगा परत मोजून घेत होत्या आणि वर बघत नव्हत्या.

मेहकरला आल्यावर हिंमतरावने काळी मूठ जाड दोऱ्याने चांदीच्या मुठीला बांधून दिली. दिसायला वाईट, पण गाडी हात लावला की सुरू. अधिक संपायला अजून अवकाश होता. वंदनाने जीवनच्या माणसाला स्वतः फोन करून नको म्हणून सांगितलं. गाडी वाचली, विज्ञान जिंकलं, आणि सासूबाईंनी थैली भरली.

"राहा की मामी अजून."

"आता काय काम माहं? निंदन पडेल हाये वावरात."

मी त्यांना साखरखेर्ड्याला सोडायला निघालो. मी पुढचं दार उघडलं, तर त्या मागचं दार उघडून मागे जाऊन बसल्या. थैली मांडीवर, बटवा हातात. वाटेत पराटी होती, रंग चुकलेली घरं होती, बिनचपलेची माणसं होती. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. आरशात मला त्यांचा नुसता पदर दिसत होता. मला फार वाईट वाटलं. जिंकल्याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

एका फाट्यावर चहाला थांबलो. चहा झाल्यावर त्यांना चूळ भरायची होती. "धरा जरा," म्हणून त्यांनी बटवा माझ्या हातात दिला आणि नळाकडे गेल्या. मी इकडेतिकडे पाहिलं. किल्लीचा दोरा दातांनी तोडला, काळी मूठ सोडवली आणि बटव्यात लवंगांच्या खाली सारली.

त्या येऊन मागे बसल्या. मी किल्ली फिरवली. खर्र खर्र खर्र.

"काय झालं कोण जाणे," मी म्हटलं. "मामी, जरा पुढं येता?"

त्यांनी बटवा तळहातावर ठेवून एकदा वर-खाली केला. माझ्याकडे पाहिलं. मग सावकाश उतरल्या.

"मिरच्या त नाई आनल्या."

"मी आणतो," मी म्हटलं, आणि टपरीवर जाऊन दृष्टीसाठी लाल मिरच्या मागितल्या. टपरीवाल्याने कागदात बांधून दिल्या.

सासूबाईंनी दारातून वाकून बटव्याचा हात किल्लीपाशी टेकवला आणि पहिल्यापेक्षा एक फेरा जास्तच ओवाळला. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या,

"किल्लीचा दोरा लोंबून राह्यला, जवाईबापू. अंदर घाला, कोनी पाहीन."

मी दोरा मुठीत लपवला.

"फिरवा आता," त्या म्हणाल्या, आणि गाडी सुरू झाल्यावर फिरून येऊन पुढच्या सीटवर बसल्या.